टोकं बांधणाऱ्या बाई

भोरच्या बाजारात बैल घेऊन आलेल्या अनोळखी माणसाला थांबवायचं, त्याच्या हातातल्या कासऱ्याचं उसवलेलं टोक आपल्या हातात घ्यायचं आणि पिशवीतला मेणाचा दोरा काढून ते घट्ट गुंडाळून द्यायचं, असं करणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. तो माणूस बावरून उभा. बैल शेपटी हलवतोय. बाई दोऱ्याची गाठ दातांनी आवळतायत. शेजारी मी, हातात भाजीची पिशवी, आणि मनात एकच विचार, की आपल्या वर्गातली कुणी पोरं इकडं येऊ नयेत.

"टोक उघडं ठेवू नये हो," बाई त्याला अगदी कळवळून सांगायच्या. "मधला दोर कितीही चांगला असू दे, टोक सुटलं की सगळा दोर हळूहळू मोकळा होतो."

"व्हय बाई," तो म्हणायचा, आणि बैलाला ओढत जरा घाईनंच निघून जायचा.

आम्ही दोघी एकाच हायस्कुलात होतो. मी गणित शिकवायची आणि नुकतीच नोकरीला लागलेली. बाई विज्ञान शिकवायच्या, पन्नाशीच्या आसपासच्या. नदीच्या बाजूला एका घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही मिळून भाड्यानं घेतल्या होत्या. बाई वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. झालेल्या होत्या आणि भोरला येण्याआधी पुण्यात कुठंतरी संशोधन करत होत्या, एवढंच मला ठाऊक होतं. ते का सोडलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. येताना त्यांनी फक्त एक मौल्यवान वस्तू आणली होती, ती म्हणजे स्वतःची पितळी सूक्ष्मदर्शिका. ती खिडकीतल्या टेबलावर असायची आणि तिच्यावर जुन्या पातळाची खोळ असायची. देवाचीही नसेल इतकी निगा तिची होती.

टोकांचं वेड त्या सूक्ष्मदर्शिकेतून आलेलं होतं. पेशीत गुणसूत्रं असतात, धाग्यांसारखी, हे आम्ही सगळेच शाळेत शिकलो होतो. बाईंचं म्हणणं असं, की सगळं जग त्या धाग्यांवर काय लिहिलंय ते वाचायला धावतंय, पण धागा संपतो तिथं काय आहे हे कुणी बघत नाही. त्या टोकांना नाव होतं, टेलोमिअर. बाई ते नाव एखाद्या लाडक्या भाच्याचं घ्यावं तसं घ्यायच्या.

"अगं, धागा मध्येच तुटला ना, तर ते तुटकं टोक चिकट होतं. दिसेल त्या दुसऱ्या तुटक्या टोकाला जाऊन चिकटतं. पण मूळचं टोक कधी चिकटत नाही. का? धागा तोच. मग मूळच्या टोकावर असं काय आहे?"

"काय आहे?" मी विचारायची.

"ते कुणालाच माहीत नाही," त्या म्हणायच्या. मोठं बक्षीस लागल्यासारखा त्यांचा चेहरा उजळायचा.

शाळेत त्यांच्याविषयी निरनिराळ्या गोष्टी सांगितल्या जायच्या आणि त्यातल्या बहुतेक खऱ्या होत्या. सकाळी एका ठराविक वेळी मुळांच्या टोकातल्या पेशी भराभर विभागतात म्हणे. ती वेळ आली की बाई शिकवता शिकवता थांबायच्या, घड्याळाकडे बघायच्या आणि "आता सुरू झालं असेल हं, तुम्ही पुढचा धडा वाचा," असं म्हणून वर्ग सोडून थेट प्रयोगशाळेत जायच्या. तिथं ओल्या टीपकागदावर रुजवलेल्या कांद्याची मुळं वाट बघत असायची. हेडमास्तरांनी त्यांना दोनदा समज दिली. बाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "सर, शाळेचं वेळापत्रक तुम्ही बदलू शकता. कांद्याचं मला बदलता येत नाही."

कुणी भेटलं की लोक तब्येत विचारतात, पाऊसपाणी विचारतात. बाई विचारायच्या, "तुमच्याकडे जुनं बी आहे का? खूप जुनं?" कारण बी जसजसं म्हातारं होतं तसतसे त्याच्या आतले धागे तुटत जातात, आणि तुटलेली टोकं बघायची तर म्हातारं बी हवं. सुट्टीच्या दिवशी त्या एसटीनं गावोगाव हिंडायच्या. कामथडीच्या एका दुकानदारानं त्यांना वेड्या समजून उंदरांनी कुरतडलेलं बियाण्याचं पोतं दिलं होतं. बाई ते मांडीवर घेऊन आल्या, आणि सगळी एसटी शिंकत होती.

अशाच एका हिंडण्यात आम्हांला विंझरला यसूआक्का भेटल्या.

एका वर्षी दिवाळीच्या आधी मी बाईंबरोबर गेले होते. रस्त्याच्या कडेच्या घरापुढं एक सत्तरीच्या घरातली म्हातारी ऊन खात बसली होती. लहानखुरी, पण पाठ ताठ. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि खाली दोन पितळी तांबे चकचकीत घासून ठेवलेले. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"हाय की जुनं बी," म्हातारी म्हणाली. "पर मेलेलं हाय त्ये."

"मेलेलंच हवंय मला," बाई म्हणाल्या.

म्हातारीनं त्यांना खालून वर न्याहाळलं. मग उठून आत गेली आणि एक मडकं घेऊन आली. तोंडावरचं शेणामातीचं लिंपण अर्धं फोडलेलं. आत राख, आणि राखेत खपली गहू, सालासकट.

यसूआक्कांचं गाव पानशेतच्या धरणात गेलं होतं. धरणाचं काम सुरू झालं तेव्हा गाव उठवलं. निघताना त्यांच्या नवऱ्यानं शेवटच्या पिकातलं बी मडक्यात भरलं, तोंड लिंपलं आणि सांगितलं, रान मिळालं की पेरू. रान मिळालं नाही. नवरा वारला. लेक किसन रस्त्याच्या कामावर जायला लागला. मडकं मात्र यसूआक्कांनी कुणाला उघडू दिलं नाही. खूप वर्षांनी विंझरच्या शिवारात एक तुकडा नावावर झाला, तेव्हा कुठं त्यांनी स्वतःच्या हातानं लिंपण फोडलं आणि ओंजळभर पेरलं.

"एक बी वर आलं न्हाई," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी जाऊन बघायची म्या. वाफा तसाच. काळा."

किसन दारात उभा होता. "बाई, ह्या आयला म्या सांगितलं, ऱ्हायल्यालं कोंबड्यांना घाल. ऐकत न्हाई. येकटीच बसती मडकं घिऊन."

"कोंबड्यांना न्हाई घालायची," यसूआक्का म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण किसन दारातून मागं सरला. मग त्या बाईंकडे वळल्या. "तुमी काय करणार ह्येचं?"

"रुजवून बघेन. रुजलं तर एका मुळाचं टोक कापून त्याच्या आत बघेन."

"कापल्यावर मरंल की!"

"गव्हाला एकदम चार-पाच मुळं फुटतात आक्का. एक घेतलं तरी बाकीच्यांवर जगतो तो. जगला तर तुमचा गहू तुम्हांला परत."

यसूआक्कांनी मडक्यात हात घातला, बाहेर काढला, परत घातला. शेवटी अख्खं मडकंच बाईंच्या मांडीवर ठेवलं. "समदं न्ह्या. मेलेल्याचं काय वाटून घ्याचं."

त्या दिवशी आम्ही तिथं जेवलो. नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं. ही बातमी आमच्याआधी भोरला पोचली. दुसऱ्या दिवशी घरमालकीण आमच्या दारात उभी. "तुम्ही म्हणे विंझरला त्यांच्यात जेवलात?" 'त्यांच्यात' हा शब्द तिनं असा उच्चारला, की माझे कान तापले. बाई म्हणाल्या, "हो. पिठलं फार छान झालं होतं. तुम्हांला आणायला हवं होतं का?" घरमालकीण तरातरा निघून गेली, आणि त्या दिवसापासून तिनं आम्हांला विहिरीवर पाण्याला मागच्या दारानं जायला लावलं. बाईंच्या ते लक्षात आलं की नाही कुणास ठाऊक. त्या तोवर गव्हात बुडाल्या होत्या.

घरातल्या सगळ्या ताटल्या गव्हाच्या कामी गेल्या. प्रत्येकीत ओला टीपकागद, त्यावर साल काढलेले दाणे. आम्ही दोघी आठवडाभर पातेल्याच्या झाकणात जेवलो. दाणे फुगले आणि कुजले. रोज सकाळी बाई चिमट्यानं कुजलेले उचलून टाकायच्या. आणि एका सकाळी मला हाक आली. तिसऱ्या-चौथ्या ताटलीत एका दाण्याच्या टोकाला पांढरा ठिपका होता. मग आणखी एकाला. सगळे मिळून मूठभरसुद्धा नाहीत, पण होते.

बाईंनी पहिलं मूळ कापलं. मग स्पिरिटचा दिवा, व्हिनेगरच्या वासाचं लाल रंगाचं पाणी, काचपट्टी, आणि वरून टीपकागद ठेवून अंगठ्यानं दाब. बाईंनी स्वतः डोळा लावला आणि कितीतरी वेळ तो काढलाच नाही. मग उठून मला बसवलं.

मी गणिताची. मला आधी नुसते लाल डाग दिसले. मग बाईंनी बारीक चाक फिरवलं आणि एक पेशी स्वच्छ झाली. आत धाग्यांचे दोन झुबके, एक इकडे, एक तिकडे, एकमेकांपासून दूर निघालेले. आणि त्या दोघांच्या मध्ये ताणलेला एकच बारीक लाल धागा. दोन्हीकडून ओढला जाणारा.

"हे काय?"

"पूल म्हणतात त्याला. दोन तुटकी टोकं एकमेकांना चिकटलीत. आता पेशीला दोन व्हायचंय आणि हा धागा सोडत नाहीये. ताणून ताणून तुटेल. तुटला की पुन्हा उघडी टोकं. पुन्हा चिकटतील. पुन्हा तुटेल."

"मग?"

"मग पेशी मरते."

मी परत डोळा लावला. इतकी बारीक गोष्ट, की शंभर मिळून टाचणीच्या डोक्यावर मावतील, आणि तिच्या आत एवढी ओढाताण चाललेली. मला एकदम यसूआक्कांचा तो काळा वाफा आठवला. मातीखाली दाण्यादाण्यात हेच झालं असणार.

बाईंनी ती रोपं वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यांत लावली आणि मागच्या अंगणात ठेवली. त्या वर्षी पाऊस नावाला पडला होता आणि विहिरीनं हिवाळ्यातच तळ दाखवला. बाई मोठ्या घमेल्यात बसून अंघोळ करायच्या आणि ते पाणी गव्हाला घालायच्या. साबणानं मुळं बिघडतील म्हणून त्यांनी साबण सोडला. मग एके दिवशी मला म्हणाल्या, "तूही सोड. तुझंही पाणी वाया जातंय." मी चिडले, दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मीही बिनसाबणाची अंघोळ करून घमेल्यातलं पाणी बाहेर नेऊन ओतत होते.

काही रोपं वीतभर झाली आणि पिळवटून गेली. काहींच्या पानांवर पांढरे पट्टे आले आणि ती मेली. थोडी उरली. ओंब्या आल्यावर चिमण्यांपासून वाचवायला बाईंनी आपलं एक बरं पातळ फाडून त्याच्या पिशव्या शिवल्या आणि प्रत्येक ओंबीला बांधल्या. अंगणात ती रोपं टोपड्यातल्या तान्ह्या पोरांसारखी दिसायची. एका रोपाकडे बाईंनी मला मुद्दाम नेलं. त्याचा एक फुटवा भाकड होता, ओंबी पोकळ. आणि त्याच मुळावरचा, त्याला खेटून आलेला दुसरा फुटवा दाण्यांनी वाकलेला.

"एकाच दाण्यातून," बाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही ओंब्या शेजारी शेजारी धरल्या.

मग त्यांनी सांगितलं. परदेशात मक्यावर काम करणाऱ्या एका बाईंनी फार पूर्वी पाहिलं होतं, की वाढलेल्या भागात तुटलेलं टोक तुटकंच राहतं, पण कोवळ्या गर्भात कधीकधी ते भरून येतं. त्याच्यावर नवं टोक बसतं. कोण बसवतं, कुठून आणतं, माहीत नाही. "आपल्या गव्हात तसंच झालं, की तुटलेल्या पेशी मरून गेल्या आणि धडधाकट तेवढ्या वाढल्या, हे मला सांगता यायचं नाही. कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. पण बघ तरी!"

नव्या दाण्यातले काही बाईंनी रुजवले आणि त्यांची मुळं तपासली. त्या सकाळी त्या वर्गावर गेल्याच नाहीत. हेडमास्तर स्वतः प्रयोगशाळेत आले, संतापलेले. बाईंनी त्यांना काही बोलूच दिलं नाही, हाताला धरून खुर्चीवर बसवलं. हेडमास्तरांनी डोळा लावला, इकडे तिकडे बघितलं.

"यात तर काहीच दिसत नाही," ते म्हणाले. "सरळ दोन भाग होतायत."

"हो ना!" बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "काहीच नाही! एकसुद्धा पूल नाही!"

हेडमास्तर गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. पण रागावले मात्र नाहीत. जाताना दारात थांबून म्हणाले, "बाई, दुपारचे तास तरी घ्या." आणि बाईंनी घेतले.

पुढं एकदा बाई पुण्याच्या एका ग्रंथालयातून काहीतरी वाचून आल्या आणि दोन दिवस अस्वस्थ होत्या. पेशी दुभंगताना धाग्याची नक्कल होते, पण दरवेळी अगदी टोकाचा भाग उतरायचा राहतो, असं कुणीतरी मांडलं होतं. म्हणजे दरवेळी टोक जरासं आखूड. म्हातारपण हेच असेल का, असा प्रश्न होता. मला कळेना. बाई म्हणाल्या, "जमीन सारवताना तू कोपऱ्यापर्यंत मागं मागं सरकत जातेस ना? खोलीला दार नसेल तर शेवटी तुझ्या पायाखालची जागा सारवायची राहते. तसं." मग आपल्या हाताच्या कातडीकडे बघत म्हणाल्या, "माझ्यात अशी न सारवलेली बरीच जागा राहिली आता. पण माझं कोडं ते नाही. मला कळत नाही ते हे, की असं जर आहे तर गहू अजून आहे कसा? माणसं किती पिढ्या तो पेरतायत. झिजून संपायला हवा होता. बी धरताना कुणीतरी ते टोक परत पुरं करत असणार. असणारच!"

टोक पुरं करणारं ते द्रव्य पेशीत खरोखरच असतं, हे शोधलं गेल्याचं मी पुष्कळ वर्षांनी वर्तमानपत्रात वाचलं. तेव्हा बाई नव्हत्या. मी ते पान कापून ठेवलं.

पण मला सांगायचंय ते विंझरचं. नव्या ओंब्या घेऊन आम्ही गेलो तेव्हा यसूआक्का आजारी होत्या, अंथरुणावर. किसननं त्यांना उठवून बसवलं. बाईंनी फडकं सोडून ओंब्या त्यांच्या मांडीवर ठेवल्या. आक्कांनी आधी विश्वासच ठेवला नाही. "बाजारातनं आणल्या असत्याल तुमी," म्हणाल्या, "म्हातारीला बरं वाटावं म्हून." मग एक ओंबी तळहातावर चोळली, फुंकर मारली, दाणा दाढेखाली धरला. हळूहळू चावत राहिल्या. त्यांनी डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"ह्यो आमचाच," त्या म्हणाल्या. "किसना, तुझ्या बापाचा गहू रं."

इतके दिवस कोंबड्यांना घाल म्हणणारा तो उंचापुरा माणूस आईच्या पायाशी खाली बसला आणि त्यानंही एक दाणा तोंडात टाकला.

मग त्या उठल्या. खरोखरच उठल्या, आणि पाऊस सुरू होईतो हिंडूफिरू लागल्या. पहिल्या वर्षी एका वाफ्यात बोटानं टोकून लावला, दुसऱ्या वर्षी त्याहून मोठ्या. तिसऱ्या वर्षी पाभर धरून पेरण्याइतकं बी झालं, तेव्हा किसन भोरला निरोप घेऊन आला, की आय म्हणती पेराय बाईच पायजेत.

सकाळची वेळ होती. बैल जुंपलेले, किसन पुढं. पाभरीच्या चाड्यात, म्हणजे नळ्यांवरच्या लाकडी वाटीत, बी सोडायचं काम बाईंना दिलं होतं, आणि ते त्यांना मुळीच येत नव्हतं. एवढ्या नाजूक काचपट्ट्या हाताळणारा हात, पण मूठ कधी एकदम उघडायची तर कधी अडकायची. शेवटी यसूआक्का मागून आल्या आणि त्यांनी आपला सुरकुतलेला हात बाईंच्या मुठीवर ठेवला. "लई घट नगं. जरा ढिली. हां, आता जाऊ द्या." दोघी तशाच चालत राहिल्या, अनवाणी, तापत्या मातीतून, शेताच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत.

बांधाशी पोचल्यावर बाईंनी मूठ उघडली. तळव्याला चिकटलेले काही दाणे होते. त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी अगदी गंभीरपणे, वर्गात विचारावं तसं, विचारलं, "आक्का, हा गहू किती वर्षांचा म्हणायचा हो?"

यसूआक्कांनी त्यांच्याकडे बघितलं. एवढी शिकलेली बाई आणि हे काय विचारते, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

"ह्यो? ह्यो औंदाचा की!"

बाई बांधावर बसल्या आणि "औंदाचा! दरवर्षी औंदाचाच!" म्हणत हसत सुटल्या. इतकं हसताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. किसननं बैल थांबवून मागं वळून बघितलं.